मालकिणीचे जंत

रवि. २० जुलै, कॅरी (अमेरिका)

चालणे: पाऊण तास, तळ्याला दोन फेऱ्या. हवा दमट. रक्तदाब १३४/८२.

मुग्धाकडे येऊन तीन महिने होत आले. गवत कापायला माणूस येतो, भांडी यंत्र घासतं, पेपर फोनवर वाचायचा. या घरात माझ्याकडे एकच खातं आहे: बुधवारी कचऱ्याचा डबा रस्त्याकडेला नेऊन ठेवणे. ते मी मंगळवारीच उरकतो.

जावई आज जेवताना गप्प. तसे ते रोजच गप्प, पण आज दुसरी पोळी नको म्हणाले. सौ.चा जीव वरखाली. मुग्धा म्हणाली, "आई, पोळीचा दोष नाही. माझी सवत आजारी आहे."

सवत म्हणजे काचेच्या टाकीतली मोठी एंजलफिश. तळहाताएवढी, अंगावर काळे पट्टे. निखिलराव नागपूरहून इथे आले आणि लग्नाआधी एकटे राहत होते, तेव्हाची आहे. सात वर्षं झाली. तिचं नाव त्यांनी मालकीण ठेवलंय. टाकीतले बाकीचे आठ-नऊ मासे तिच्या कलाने वागतात.

जेवणानंतर सहज गेल्यासारखा टाकीशी गेलो. मालकीण कोपऱ्यात उभी. पोट आत गेलेलं. मागे पांढरा दोरा लोंबतोय.

जंत. बघताक्षणी वाटलं. पण म्हशी-शेळ्यांत एकतीस वर्षं काढलेल्या गुरांच्या डॉक्टराने माशाबद्दल काय सांगावं. गप्प बसलो.

मंगळ. २२ जुलै

(आजपासून निखिलराव = नि. रोज एवढं कोण लिहिणार.)

दोन दिवस विचारू की नको. जावयाच्या घरी सासऱ्याने पाहुण्यासारखं राहावं, नाक खुपसू नये, हा माझा नियम. त्यात नि. मला कधी हाक मारत नाहीत. पाच वर्षांत 'अप्पा' नाही, 'बाबा' नाही. आधी खोकतात, मग बोलतात. मीही जपूनच. दोघं एकमेकांचा इतका मान राखतो की बोलणं म्हणून होत नाही.

आज राहवलं नाही. ते टाकीसमोर स्टुलावर बसले होते. मी म्हणालो, "तिचं शेण मिळेल का बघायला?"

शेण! तोंडातून गेलंच. सवय.

ते हसले, चांगले दात दिसेपर्यंत. मग म्हणाले, "मी ऑनलाइन खूप वाचलं. इंटरनल वर्म्स असतील असं वाटतं. पण कोणते, हे कन्फर्म कसं करणार? फिशचा व्हेट काही जवळपास भेटून नाही राहिला."

"मायक्रोस्कोप असला तर मी सांगीन."

बोललो आणि घाबरलो. बारा वर्षांत भिंगाला डोळा लावलेला नाही.

गुरु. २४ जुलै

मायक्रोस्कोप आला! परवा मागवला, आज दारात.

सौ.ने स्वयंपाकाच्या ओट्यावर बसू दिलं नाही. कपडे वाळवायच्या यंत्रावर मांडामांड केली. नि.नी ड्रॉपरने तो दोरा उचलला. काचपट्टी, पाण्याचा थेंब, वर पातळ काच.

पहिली पट्टी: काही नाही. दुसरी: शेवाळ. तिसरी:

सापडलं!! लिंबासारखं अंडं, दोन्ही टोकांना बूच. एक नाही, सात मोजली. कोंबड्यांत बघायचो तेच हुबेहूब. कॅपिलारिया. केसाएवढा बारीक जंत, आतड्यात राहतो. देश बदलला, जनावर बदललं, जंत तोच. मी ओरडलो असणार, कारण सौ. लाटणं हातात घेऊनच आली.

आजारी जनावराच्या मालकासमोर असं नाचू नये, हे नंतर सुचलं. पण मालकच डोळा लावून "ओह माय गॉड, दिसतंय, दिसतंय" करत होते. आळीपाळीने बघितलं. सौ.लाही दाखवलं. ती म्हणाली, "शी," आणि परत एकदा बघितलं.

(बाजूला आकृती. अंडं बरं जमलंय, बुचं जाड झाली.)

शनि. २६ जुलै

औषध: फेनबेंडाझोल. म्हणजे आपलं शेळ्या-म्हशींचंच! हजारो वेळा पाजलंय. एकाने शिंगं धरायची, दुसऱ्याने बांबूच्या नळ्यातून घशात ओतायचं. नि.नी शोधून काढलं की माशालाही हेच देतात, खाण्यातून. प्रमाण मी तपासलं. जुळलं.

नि. ड्राइव्ह करत होते. कॅरीची एकासारखी एक घरं संपली, अर्ध्या तासात शेतं लागली. शेतकी सामानाचं दुकान. गवताच्या गाठी, गुरांनी चाटायच्या मिठाच्या विटा, कोंबड्यांचं खाद्य, दोरखंड, घंटा. आणि तो वास! तीन महिन्यांत या देशात पहिल्यांदा ओळखीचं कुणी भेटल्यासारखं वाटलं.

नि. म्हणाले, "तुम्ही इथे एकदम फास्ट चालून राहिले."

काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, शेळ्या किती? त्यांचं इंग्रजी माझ्या आवाक्याबाहेरचं, नि.नी सांगितलं. मी म्हणालो, "वन फिश." बाईंनी लीटरभराच्या बाटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग खदखदून हसल्या, आतल्या माणसाला हाक मारली आणि त्याच्यासमोर मला परत म्हणायला लावलं. मी परत म्हणालो.

मी गुरांचा डॉक्टर हे नि.नी सांगितल्यावर त्यांनी आपल्या लंगड्या शेळीचा फोटो फोनवर दाखवला. खूर वाढलेत, कापून घ्या, कोरड्यात बांधा. नि.नी भाषांतर केलं. बाईंनी पिशवीवरच लिहून घेतलं.

परत येताना नि. म्हणाले, "अप्पा, तुमची ओपीडी चालू झाली की."

अप्पा म्हणाले. न खोकता. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बरं वाटलं. फार बरं वाटलं.

रवि. २७ जुलै

औषध पोटात जायला हवं, म्हणजे खाद्यात मिसळून द्यायला हवं. वीस ग्रॅम खाद्य, थोडे वाफवलेले मटार, औषध अर्धा मिली. अर्धा! मुग्धा विचारते, उरलेल्या बाटलीसाठी म्हैस आणू का.

घट्ट करायला नि. जिलेटिन घालू म्हणाले. सौ.चे कान टवकारले. "कशाचं असतं ते?" मी प्रामाणिकपणे सांगितलं, हाडांचं. झालं. ओट्यावर हाड चालणार नाही, त्यात चातुर्मास. पण मग तिनेच कपाट धुंडाळून चायना ग्रास काढलं. त्याची वडी सुरेख बसली, ताटलीत थापून. नि. म्हणाले, लसूण घातला तर मासे आवडीने खातात. सौ. चातुर्मासात लसणाला शिवत नाही, पण मालकिणीसाठी चार पाकळ्या सोलून, ठेचून दिल्या. "तिला कुठे चातुर्मास आहे," म्हणाली.

टाकीतल्या गोगलगाईंना हे औषध बाधतं म्हणतात. त्या आठही उचलून काचेच्या सॅलडच्या भांड्यात ठेवल्या. भांडं आता गेलंच, असं मुग्धा म्हणाली.

उद्या टाकीला उपास. पोट रिकामं असलं की वडी खातील. उद्याच श्रावणी सोमवार. सौ. खूश. मासेसुद्धा सोमवार करणार.

मंगळ. २९ जुलै, नागपंचमी

वडी कापायला सुरी घेतली तर सौ. आडवी. आज कापायचं-चिरायचं नाही. शिवाय: "आजच्या दिवशी जंत मारायचे? तेही लांबच असतात की."

मी म्हणालो, नाग आणि जंत यांचं काही नातं नाही, हे मी चार वर्षं शिकलोय.

"नसेल. एक दिवस थांबलं तर काय बिघडतं?"

बिघडतं. शेवटी वडी हाताने कुस्करली. त्याला तिची हरकत नव्हती.

सकाळी टाकली. बारक्यांनी एखादा चावा घेतला. मालकीण आली, तोंडात धरली, थुंकली. परत कोपऱ्यात गेली. दुपारी पुन्हा टाकली. पुन्हा थुंकली. लसूण कमी पडला का?

बुध. ३० जुलै

आजही नाही. लसूण वाढवून बघितला. घरभर वास, मालकीण ढिम्म.

पोट कालच्यापेक्षा जरा भरलेलं दिसतंय. ते का, कळेना. सूज असेल तर वाईट.

नि.ची मीटिंग चालू असते आणि ते कानात ते यंत्र घालून टाकीशी येतात, बघतात, जातात. संध्याकाळी म्हणाले, "अप्पा, ऑनेस्टली सांगा. वाचेल का ती?"

प्रत्येक गोठ्यात हा प्रश्न ऐकलाय आणि काहीतरी उत्तर दिलंय. आज म्हणालो, "म्हशीचं विचारलं असतंत तर सांगितलं असतं. माशाचं मला खरंच माहीत नाही."

त्यांनी मान हलवली. मग सांगितलं, इथे आल्यावर पहिला हिवाळा फार वाईट गेला. घरी आल्यावर बोलायला कुणी नसायचं. ती काचेशी यायची. एवढंच सांगितलं.

मला ही वाचवायची आहे. नोकरीत असताना इतकं कधी वाटलं नव्हतं, तेव्हा गोठ्याबाहेर पुढचा माणूस उभा असायचा.

गुरु. ३१ जुलै

चोर सापडला. लिहिताना अजून हसू येतंय.

नि. रोज सकाळी टाकीचा तळ नळीने ओढून बादलीत काढतात. आज बादली मी धरली. बघतो तर पाण्यात भाताची शितं. वर तुपाचे ठिपके.

मी नि.कडे बघितलं. नि. खोकले.

"हे काय?"

"ते... आई टाकतात. रोज जेवायच्या आधी."

आता उलगडलं. सौ. माहेरापासून जेवणाआधी पहिला घास मुक्या जिवासाठी काढते. गाईला, नाहीतर कावळ्याला. इथे गाय नाही, आणि इथले कावळे तिच्या हाकेला येत नाहीत. मग घास मालकिणीला! वरण-भात-तूप, बोटांनी मऊ करून. सोमवारी संध्याकाळी उपास सोडतानासुद्धा. मंगळवारी. काल. मी उपाशी ठेवतोय, ती वाढतेय. पोट भरलेलं दिसणारच!

"तुम्हाला माहीत होतं?"

"एप्रिलपासून. मी रोज सकाळी क्लीन करून टाकतो."

"अहो, मग बोलला का नाहीत?"

"सासूबाईंना कसं म्हणणार, अप्पा?"

आणि मी शहाणा. रोज सकाळी टाकी कशाला उपसता, हे तीन महिने मनात येऊन विचारलं नाही, कारण जावयाला कसं विचारणार. सगळ्या घराने एकमेकांचा मान राखला आणि मालकीण तूप-भात खाऊन औषध थुंकत राहिली.

मुग्धा हसून हसून जिन्यावरच बसली. सौ. आधी रागावली. "मुक्या जिवाला उपाशी ठेवायचं, वर औषध चारायचं, आणि गुन्हेगार मी?" मग टाकीशी जाऊन उभी राहिली, काचेला हात लावून. "मला काय माहीत गं बाई." हे मालकिणीला. डोळ्यांत पाणी होतं. नि. धावत पाणी घेऊन आले, म्हणाले, "आई, रिअली, काही झालं नाही. तिला आवडत होतं." हेही खरं.

शनि. २ ऑगस्ट

खरा उपास. सौ.चा घास मागच्या कठड्यावर. खार आली, दोन हातांत धरून खाल्ला, परत आली. खारीचं जमलं.

मी आणि नि. आळीपाळीने टाकीवर पहारा. सौ. जवळून गेली तरी दोघं मान वर करतो. ती म्हणते, "झडती घ्या माझी."

रवि. ३ ऑगस्ट

सकाळी ९.१०. चौघं टाकीसमोर. वडी (सुरीने नीट कापलेली) टाकली.

मालकीण आली. तोंडात धरली. थांबली. आम्हीही थांबलो.

गिळली!!

दुसरी. तिसरी. बारके मधे आले तर त्यांना हाकलून चौथी. सौ.ने टाळ्या वाजवल्या. नि.नी मला मिठी मारली. जावयाने सासऱ्याला मिठी मारायची रीत त्यांच्याकडे नाही, आमच्याकडेही नाही. कुणाचा हात कुठे ठेवायचा कळेना. माझा चष्मा वाकडा झाला. नंतर दोघंही टाकीकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिलो.

दुपारी जिलेबी. कुणी मागितली नव्हती, सौ.ने केली.

गुरु. ७ ऑगस्ट

तीन दिवसांचं औषध परवा पूर्ण. आज दोरा नाही, चांगलं तपकिरी शेण. पट्टीवर मेलेला जंत, केसासारखा, वेटोळं. सुंदर नमुना.

नि.नी फोटो काढून ऑफिसच्या मीटिंगमध्ये दाखवला. "काय म्हणाले?" विचारलं. "एकाने कॅमेरा ऑफ केला."

रवि. १७ ऑगस्ट

मालकीण भरलीय. बाजूने बघितलं तर पोटाची रेष गोल. सकाळी मी टाकीशी गेलो की काचेशी येते. मी आहे म्हणून की खाणं आहे म्हणून, हा प्रश्न मी स्वतःला विचारत नाही.

शेतकी दुकानात परत जाऊन आलो. काम काही नव्हतं. नि. म्हणाले, "चक्कर मारू या?" मी चप्पल घालून तयार. बाईंनी लांबूनच ओळखलं, "वन फिश!" शेळी चालतेय. खूर कापले म्हणे. येताना नि. खूप बोलले. ऑफिस, त्यांचे बाबा, नागपूरचं घर. मी रस्त्यात एकदाही 'हं' म्हणून विषय संपवला नाही, हे विशेष.

मंगळ. २६ ऑगस्ट

दुसरी फेरी पूर्ण. औषध अंड्यांवर चालत नाही, म्हणून मागे राहिलेल्या अंड्यांतून निघालेल्यांना तीन आठवड्यांनी पुन्हा गाठावं लागतं. वड्या या वेळी नि.नी एकट्याने केल्या. माझ्यापेक्षा साफ. मी फक्त अर्धा मिली मोजला, तोही त्यांनी परत मोजला. बरोबरच आहे.

उद्या गणपती. सौ.ने येऊन विचारलं, "मोदकाचा एवढुसा तुकडा चालेल का तिला?" नाही म्हटलं. "बरं," म्हणाली आणि गेली. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात माझा डॉक्टरी सल्ला तिने पहिल्यांदा ऐकला. तारीख म्हणून लिहून ठेवतो.

मंगळ. ९ सप्टें.

दोन दिवस मालकीण नीट खात नाही. येते, एक-दोन घास, परत पानाआड. आज एक दोरा. पांढरट? की नुसता फिकट? नि. म्हणाले पांढरा, मुग्धा म्हणाली फिकट. मी दोन्ही म्हणालो.

पाच पट्ट्या बघितल्या. चारांत काही नाही. पाचवीत एक गोल. बुडबुडा असावा. 'असावा' हा शब्द मी अहवालात कधी लिहिला नाही.

परवा निघायचं. बॅगा अर्ध्या भरल्यात. नि.ना पुन्हा सगळं करून दाखवलं: थेंब लहान घ्या, उजेड कमी करा, बारीक चक्रीने फोकस. म्हणाले, "अप्पा, तुम्ही थोडे थांबा ना अजून." तिकीट झालेलं आहे, दोघांनाही माहीत होतं. तरी बोलले.

सौ. म्हणते, आपण चाललो हे तिला कळलंय. मी असलं काही मानत नाही. आज मानावंसं वाटतंय.

गुरु. ११ सप्टें., विमानतळ, मग विमान

सकाळी टाकीशी गेलो. मालकीण पानाआडून अर्धी बाहेर आली, परत आत. काय समजायचं?

नि. सोडायला निघाले होते. मीच म्हणालो, मुग्धा सोडेल, ताजा नमुना पडलाय, तुम्ही आजची पट्टी करा. ते वाकून पाया पडले आणि तसेच मायक्रोस्कोपकडे वळले. गाडीत मुग्धा म्हणाली, "सासू-सासरे चाललेत आणि जावई माशाचं शेण बघतोय. हे पुण्याच्या काकूंना सांगायचं नाही हं, अप्पा." मला मात्र इतका चांगला निरोप आजवर कुणी दिलेला नाही.

जागेवर बसलो. सौ. खिडकीशी. फोन वाजला. नि.चा फोटो, खाली: "अप्पा, हे अंडं आहे का?"

फोन भिंगावर धरून काढलेला. हललाय. मोठा केला, लांब धरला, चष्मा काढून बघितला. कडेला काहीतरी लांबट आहे. एका टोकाला बूच दिसतंय. दुसरं टोक फोटोच्या बाहेर.

लिहिलं: पट्टी जराशी डावीकडे सरकवा. परत काढा.

त्यांनी वाचलं.

असलं अंडं तर तिसरी फेरी. बाटली भरलेली आहे, वडी त्यांना येते, सौ.चा लसूण नसला तरी मुग्धा आहे. करतील ते. नसलं तर मग सुटलोच. काहीही असो, मला आत्ता कळायला हवंय.

"काय म्हणतात?" सौ. विचारते. "सरकवतायत," म्हटलं.

स्क्रीनवर ते लिहितायत असं दिसतंय. थांबले. परत लिहितायत.

विमानातली मुलगी येऊन फोन बंद करा म्हणून गेली. आता दुसऱ्यांदा आलीय. सौ.ला म्हटलं, तू तिला जरा पाणी माग. मी अजून बंद केलेला नाही.